तळहाताएवढा ठोका

"श्वास सोडा. सोडा, सोडा. पोट माझ्याकडं द्या, तुमच्याकडं ठेवू नका," मलप्पा म्हणाले आणि उजव्या हाताची तीन बोटं त्यांनी शेषेरावांच्या बेंबीवर टेकवली.

शेषेराव ओसरीवरच्या सतरंजीवर उताणे पडले होते. पासष्टी ओलांडलेला, काटकुळा शेतकरी माणूस. गाव हिमायतनगरच्या पुढचं, म्हणजे उदगीरहून तीन गाड्या बदलायच्या. भाचीच्या दिराचा साखरपुडा होता म्हणून नवरा-बायको उदगीरला आले होते. मामाची पाठ दोन महिने दुखतेय म्हटल्यावर भाचीनं रविवारी सकाळी त्यांना सरळ आप्पांकडं धाडलं. आप्पा म्हणजे हेच मलप्पा. गल्लीत कुणी त्यांना मलप्पा म्हणत नसे.

"पट्टा बांधला, इंजिक्शनं घेतली, मलम चोळू चोळू माजे हात सोलले," पायाशी बसलेल्या धोंडाबाई म्हणाल्या. "पाठ काय ऐकून न्हाई राहिली."

"पाठ कशाला ऐकंल? दुखणं तिथं बोलतं, बसलेलं असतं पोटात," आप्पा म्हणाले.

हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षांत किती जणांना ऐकवलं असेल त्याचा पत्ता नाही. आप्पांचं पोटापाण्याचं काम वेगळं. चौकाजवळ पूजासाहित्याचं दुकान होतं, कापूर-ऊद-विभूतीचं, आणि ते नऊला उघडायचं. त्याआधीचे दोन तास बेंबी बसवायचे. ही विद्या आईची, शांतम्मांची. माणसाच्या बेंबीखाली एक ठोका असतो. तो बरोबर मध्ये असला की माणूस ठीक. तो इकडंतिकडं सरकला की कुणाची कंबर धरते, कुणाचा खांदा, कुणाला अन्न गोड लागत नाही. एरंडेल लावून, अंगठ्यानं समजूत घालत ठोका जागेवर आणायचा, एवढंच काम. पैसा घ्यायचा नाही, घेतला की हातगुण जातो. आणि हातगुण होता, हे त्यांच्या वाईटावर असणारेही कबूल करत. उजवा खांदा दुखतो म्हणून दोन वर्षं शेक घेणाऱ्या एका हेडमास्तरांच्या बरगडीखाली आप्पांनी बोट घातलं आणि म्हणाले, गुरुजी, खांदा सोडा, पित्त बघा. लातूरला तपासलं तर पित्ताशयात खडे. तेव्हापासून ते गुरुजी दर श्रावणात आप्पांना शाल घेऊन यायचे. शालींचा ढीग झाला होता.

तर बोटं टेकवली आणि आप्पा थांबले.

ठोका मध्ये नव्हता. डावीकडं होता, जरा वर. ते ठीक, सरकलेली बेंबी अशीच असते. पण एका बोटाखाली ठोका, दुसऱ्या बोटाखालीही ठोका आणि तिसऱ्याही. त्यांनी अख्खा तळहात ठेवला. तळहात उचलला जाऊ लागला. चाळीस वर्षांत त्यांना ठोका सापडला तो अंगठ्याएवढा. हा तळहाताएवढा होता.

'लई जुनी सरकलेली दिसते,' आप्पांनी मनाशी ठरवलं आणि अंगठा खोल घातला.

शेषेरावांनी दात आवळले. आप्पांनी पुन्हा तेल घेतलं. डावीकडून उजवीकडं, वरून खाली, अर्धा तास ते त्या ठोक्याची मनधरणी करत होते. कपाळावरचा घाम विभूतीत मिसळून भुवईवर उतरला, पण ठोका तसूभर हलला नाही. अशा हट्टी बेंबीवर शांतम्मांचा शेवटचा उपाय ठरलेला होता. उद्यापासून तीन दिवस, सूर्य उगवताना, ओट्यावरून खाली तीन उड्या. टाचांवर. हिसक्यानं ठोका जागेवर पडतो.

"हलकं वाटून राहिलं बघा," शेषेराव उठून बसत म्हणाले. तेलानं नि ऊबेनं कुणालाही हलकं वाटतं, पण आप्पा हसले. नवरा-बायको दुपारच्या गाडीनं गावाकडं निघून गेले.

दुकानात मात्र आप्पांचं चित्त लागेना. कापराऐवजी त्यांनी एका गिऱ्हाइकाला तुरटी बांधून दिली. उजवा तळहात मांडीवर ठेवला की तो ठोका जाणवायचा, उचलला की जायचा. काय होतं ते नेमकं कळत नव्हतं आणि तेच त्यांना खात होतं.

जेवायला घरी आले तर लेक आलेली. मंजुश्री लातूरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती, अकरा वर्षं ऑपरेशनच्या खोलीत उभी. महिन्यातून एखादा रविवार आईच्या हातचं जेवायला यायची. बापाच्या विद्येला ती हसत नसे आणि मानतही नसे. घरात शांतता राहावी म्हणून तिनं तो विषय बाजूला ठेवून दिला होता.

"मंजू, पोटातला ठोका कुणाचा तळहाताएवढा असतो का गं?" आप्पांनी वरणात भाकरी मोडता मोडता विचारलं.

तिचा घास हातातच राहिला. "काय विचारलालात आप्पा? कुणाचा?"

"आला होता एक जण. पाठ दुखते म्हणून."

"वय किती?"

"पासष्टच्या पुढं."

"बिडी?"

"खिशात बंडल होतं."

मंजुश्रीनं ताट पुढं सारलं. "बोटं नुसती वर उचलत होती का एकमेकांपासून लांब सारत होती?"

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या हाताबद्दल इतका नेमका प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्यांना अभिमान वाटला असता.

"दोन्ही," ते म्हणाले.

"आप्पा, ती बेंबी न्हाई. पाठीच्या कण्याला लागून रक्ताची मोठी नळी असते. सगळ्यांच्या पोटात तीच वाजते. तुम्ही रोज हात लावता ती तीच. कुणाची म्हातारपणी ती फुगते, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी. पाठ त्यानंच दुखते."

"अन् फुटली तर?"

"तर दवाखान्यापर्यंत बी माणूस जात न्हाई."

स्वयंपाकघराच्या दारात मंजुश्रीची आई, सिद्धम्मा उभ्या होत्या. "शिवा शिवा. इतक्या वर्षांत ह्यांच्या हातानं कुणाला काय झालं न्हाई. तू उगं घाबरवू नको बापाला," त्या म्हणाल्या.

"मी अर्धा तास दाबलंय," आप्पा म्हणाले. "उद्यापासून उड्या मारायला सांगितलंय."

मंजुश्रीनं हात न धुताच फोन उचलला.

भाचीकडून नंबर मिळाला. चार वेळा लावल्यावर रिंग गेली. धोंडाबाईंचा आवाज गाडीच्या खडखडाटातून आला. "आप्पा, लई उतार हाय बघा. बसल्या जागी झोप लागली त्येंला. द्या म्हंता? देते."

"शेषेराव, एकदा नांदेडला डॉक्टरला दाखवून घ्या," आप्पा म्हणाले.

"कशाला? तुमच्या हातानं फरक पडून राहिला की."

"पडला तरी... एकदा फोटो काढलेला बरा. अन् उद्या उडी ऱ्हाऊ द्या."

"आवाज तुटून राहिला आप्पा. तुमी काळजी करू नका. सांगितलं तसं समदं करतो."

फोन कटला, आणि मग लागेचना. संध्याकाळपर्यंत मंजुश्रीही लावत होती. बंद म्हणजे बंद. भाची म्हणाली, मामाच्या गावात वीज गेली की मोबाइल असाच मरतो, आणि मुलगा भागवत नंबर सारखा बदलतो.

खरं सांगायचं तर फोन चालू होता तेव्हा सांगता आलं असतं. रेंज काही इतकी वाईट नव्हती. 'मी चुकलो' हे दोन शब्द आप्पांच्या जिभेपर्यंत आले आणि तिथंच बसले. चाळीस वर्षं ज्याला लोक पाया पडतात त्याला हे दोन शब्द फार अवजड जातात. 'फोटो काढलेला बरा' म्हणणं सोपं होतं.

सोमवारी उजाडायच्या आत आप्पा स्टँडवर होते. मंजुश्रीला दुपारची ड्यूटी चुकवता येणार नव्हती, पण तिनं नांदेडच्या एका दवाखान्याचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं आणि तिथल्या ओळखीच्या सिस्टरला सांगून ठेवलं. नांदेडची गाडी मुखेडच्या अलीकडं असताना सूर्य वर आला. आप्पांनी डोळे मिटून घेतले. आता ते ओट्यावर उभे राहिले असतील. एक. दोन. तीन.

मग डोक्यात भलतंच सुरू झालं. बेंबी बसवून घेतलेला माणूस पुन्हा आला नाही, म्हणजे बरा झाला, असं आप्पा आजवर धरून चालले होते. हाच त्यांचा हातगुण. आता त्यांना एकेक चेहरा आठवायला लागला. देगलूरचा एक जाडजूड लोहार, पाठीसाठी आला होता, परत नाही आला. निलंग्याच्या एक बाई, डावा हात दुखायचा, परत नाही आल्या. बऱ्याच झाल्या असतील. झाल्या असतील ना? विचारणार कुणाला? शेजारच्या प्रवाशानं शेंगदाणे पुढं केले तर आप्पांनी मान हलवली. त्यांना भीती वाटत होती, आणि ती एका शेषेरावांपुरती राहिली नव्हती.

नांदेडला गाडी बदलली, हिमायतनगरला काळीपिवळी धरली. प्रत्येक वेळी फोन लावला, प्रत्येक वेळी बंद. या सगळ्या प्रवासात त्यांनी शेषेरावांना सांगायची वाक्यं जुळवून ठेवली. 'हे माझ्या हाताबाहेरचं आहे.' 'तुमच्या बेंबीला मशिनीचा योग आहे.' 'मी बसवतो, पण आधी फोटो बघू.' एकही वाक्य धड खोटं नव्हतं आणि प्रत्येक वाक्यात आप्पांचा मान जागच्या जागी शाबूत होता.

गावात पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. शेषेराव अंगणात लिंबाखाली बाजेवर पडले होते. जिवंत होते. आप्पांनी बाजेची कड धरली.

"आप्पा? तुमी सोता आलाव?" शेषेराव उठायला लागले आणि कळ येऊन पुन्हा टेकले.

"बघा, देवमानूस," धोंडाबाई शेजारणींना सांगू लागल्या. "फोनवर बोलनं तुटलं तर घरला आले."

"सकाळी तीन उड्या मारल्या. तवापसून जास्त दुखून राहिलं," शेषेराव म्हणाले. "जाग्यावर येऊन राहिली असंल न्हाई का? आता दाबा, यिल ती." त्यांनी बनियन गळ्यापर्यंत वर घेतलं.

काटकुळ्या पोटावर, बेंबीच्या डाव्या अंगाला, कातडी उचलत होती आणि खाली बसत होती. हात लावायची गरजच नव्हती. लांबूनही दिसत होतं. कालही दिसलं असतं, पण काल आप्पा डोळे मिटून बघत होते. हातानं बघायचं तर डोळे मिटावे लागतात, असं आई म्हणायची.

"बनियन खाली घ्या. नांदेडला चला. दवाखान्यात."

"दवाखाने करूनच तर तुमच्याकडं आलाव," धोंडाबाई म्हणाल्या. "तुमचा हात ठिवा आधी."

एव्हाना अंगणात सात-आठ माणसं जमली होती. एक म्हातारा स्वतःची कंबर धरून रांगेत उभा राहिल्यासारखा पुढं सरकला. आप्पांनी प्रवासात जुळवलेली वाक्यं एकेक करून मनात म्हणून पाहिली. त्यातल्या एकाही वाक्यानं हा माणूस बाजेवरून उठला नसता.

"शेषेराव, मी चुकलो," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मला कळलं न्हाई. ती बेंबी न्हाई, रक्ताची नळी हाय. फुगलीय. मला ते ठाऊक नव्हतं अन् मी ती अर्धा तास दाबली. परत दाबली तर तुम्ही मराल. उडी मारली तर मराल. असंच पडून ऱ्हायलात तरी मराल. माझ्या हाताला काय बी कळत न्हाई."

कंबर धरलेला म्हातारा मागं सरकला. धोंडाबाईंनी पदर तोंडावर घेतला. शेषेराव कोपरावर उठले.

"हे सांगाया उदगीरहून आलाव?"

"हाव."

"फोनवर सांगायचं की."

"फोनवर लाज वाटली."

शेषेरावांनी बनियन खाली ओढलं. "भागवत, गाडी काढ," ते मुलाला म्हणाले. "आपली अब्रू घालवाया कोनी तीन गाड्या बदलून येत न्हाई. खरं असंल ते."

भागवतनं पिकअपमध्ये गादी टाकली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला आप्पा लाकडी फळी घट्ट धरायचे, जणू त्यांनी धरल्यानं गाडी कमी आदळणार होती. शेषेराव आकाशाकडं बघत पडले होते. भोकरच्या पुढं त्यांनी विचारलं, "आप्पा, नळी फुगलीय म्हंता, तिला ट्यूबच्या पंक्चरवानी चिटकवत्यात का काय?" आप्पा म्हणाले, "चिटकवत असतील."

नांदेडला सोनोग्राफी करणारी डॉक्टरीण मंजुश्रीच्या वयाची होती. पडद्यावर बघता बघता ती खुर्चीतून पुढं सरकली, मग तिनं पुन्हा मोजलं. नळी सात सेंटिमीटर रुंद, असायला हवी दोन. एका कडेनं रक्त झिरपल्याची शंका. इथं होणार नाही, आत्ताच्या आत्ता हैदराबादला हलवा, रुग्णवाहिका मी सांगते.

"यांच्या पोटाला कुणी दाबलंय का?" तिनं विचारलं. कातडीवर कालचे निळे डाग उमटले होते.

धोंडाबाईंनी खाली पाहिलं. भागवतलाही कळलं होतं, पण तोही बोलला नाही.

"मी," आप्पा म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"मी पूजासाहित्याचा दुकानदार हाय."

डॉक्टरीण पुन्हा पडद्याकडं वळली. ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं आप्पांना नंतर कित्येक दिवस वाटत राहिलं. बाहेर आल्यावर भागवतचा तोल सुटला. बापाच्या वयाच्या माणसावर हात टाकता येईना म्हणून त्यानं भिंतीवर बुक्की मारली. "आता इथं थांबू नका. जावा तुमी," तो म्हणाला. आप्पा गेटजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसले. रुग्णवाहिका त्यांच्या समोरून निघून गेली तेव्हा आत कोण कुठं बसलंय तेही त्यांना दिसलं नाही.

पुढचे दिवस आप्पांनी कसे काढले ते सिद्धम्मांना विचारावं. जेवणावर वासना नाही, दुकानात लक्ष नाही. फोन वाजला की दचकायचे आणि वाजला नाही की तो बिघडला की काय म्हणून शेजारच्याला लावायला सांगायचे. ओसरीवर सतरंजी टाकणं त्यांनी बंद केलं. येईल त्याला दारातून परत पाठवत. सहाव्या दिवशी धोंडाबाईंचा फोन आला. नळी बदलली म्हणे, प्लास्टिकची घातली. शेषेराव उठून बसले, पेज प्याले, बिडी मागितली म्हणून सिस्टरची बोलणी खाल्ली. आप्पांनी फोन ठेवला, देवघरात जाऊन बसले आणि हुंदके देऊन रडले. सिद्धम्मा दाराशी उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत.

इथं सगळं संपायला हरकत नव्हती. पण माणसांचं काही सांगता येत नाही. अंगणातल्या त्या सात-आठ जणांनी काय ऐकलं आणि पुढं काय सांगितलं कोण जाणे. आठवड्याभरात हिमायतनगरापासून देगलूरपर्यंत एकच बोलवा झाली. उदगीरच्या आप्पांनी नुसत्या हातानं पोटातली फुटकी नळी धरली, मशीन मागून बोललं. सांगायला स्वतः घरी गेले, असा माणूस.

दहाव्या दिवशी सकाळी आप्पांनी दार उघडलं तर ओसरीवर अकरा माणसं. एरवी तीन-चार असायची. कुणी तेल बरोबर आणलेलं, कुणी स्वतःची चटई. देगलूरकडची एक मध्यमवयीन बाई तर उघड्या फरशीवरच उताणी झाली होती.

"माझं बघणं बंद हाय," आप्पा म्हणाले.

"असं म्हंता तुमी, ठावं हाय आमाला," बाई पडल्या पडल्या म्हणाली. "मोठी मानसं असंच म्हंत्यात. माजा ह्यो खांदा बघा, सहा महिने झाले."

उजवा खांदा. आप्पांची बोटं आपोआप बरगडीच्या खालची जागा शोधायला निघाली, कदाचित बरोबरही निघाली असती. त्यांनी हात मागं बांधले. काल जे सांगितलं, परवा जे सांगितलं, ते इथं कुणी ऐकणार नव्हतं. आपण जितकं नाही म्हणू तितकी ही गर्दी वाढत जाणार, हे त्यांच्या ध्यानात आलं.

पोट बघायचं तर ते रिकामं लागतं. पहाटे उठून, चहाचा घोटही न घेता लोक उदगीर गाठत. पोटात कण गेला की त्या दिवशी आप्पा हात लावत नसत, हे आजूबाजूच्या चार तालुक्यांना ठाऊक होतं. म्हणून चाळीस वर्षांत या ओसरीवर सकाळी कुणाला कधी चहा विचारला गेला नव्हता.

आप्पा आत गेले. "मुरमुऱ्यांची सुशीला टाक," ते सिद्धम्मांना म्हणाले. "अकरा जणांची."

सिद्धम्मांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग डब्यातले मुरमुरे परातीत ओतले, भिजवले, मिरच्या चिरायला घेतल्या. फोडणीचा वास ओसरीवर गेला तशी बाहेरची कुजबुज थांबली. आप्पांनी एकेक ताटली स्वतः नेऊन प्रत्येकाच्या हातात दिली. कुणी नको म्हणायला धजेना, कुणी खाईना.

बाई उठून बसली. "आप्पा, हे खाल्लं तर तुमी हात लावनार न्हाई."

"हाव."

"आजच्या दिवस का कदीच?"

आप्पा तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. "खाऊन घ्या. मग खांद्यासाठी लातूरला कुणाकडं जायचं ते लिहून देतो," ते म्हणाले आणि स्वतःच्या ताटलीतला पहिला घास त्यांनी तोंडात घातला. तिखट जरा जास्त झालं होतं. बाईनं ताटली मांडीवर धरून ठेवली, गार होईपर्यंत त्यांच्या हाताकडं बघत राहिली, आणि मग खायला लागली.